हाताचा शिनमा

नवा मांजरपाट पाण्यात भिजत घातला की त्याच्या खळीला आंबूस, शिळ्या पेजेसारखा वास सुटतो. आज सकाळी परसातल्या बादलीतून तो आला आणि मी अर्धी दाढी तशीच टाकून उभा राहिलो. ओसरीवर पुतण्यांचं भांडण रंगलं होतं. गोंदियाला जाऊन पाहून आलेल्या बोलपटातलं भूत अधिक भयंकर, की मागच्या साली पाहिलेलं? दोघेही हिरिरीने आपापल्या भुताची बाजू घेत होते. मला आमची भुतं आठवली. ती मांजरपाटावर राहत आणि बोलत नसत.

दिवाळी सरली की आमच्या भागात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. माझ्या तरुणपणी एका वर्षी गोरेगावच्या मंडईला आलेला शिनेमाचा तंबू धानाच्या चुरणीपर्यंत, मळणी होईस्तोवर, हलला नाही. तंबूच्या मधोमध मांजरपाटाचा पडदा ताणलेला. खेळ सुरू होण्याआधी एक माणूस त्यावर बादलीने पाणी मारी, म्हणजे चित्र पडद्यातून आरपार उमटे. यंत्राच्या बाजूला पुरुष, पडद्यामागे बाया. चित्र मुकं असल्यामुळे कडेला पेटी-तबला वाजे, आणि मधली अक्षरं एक जण मोठ्याने वाचून दाखवी. अक्षरं बायांना उलटी दिसत, पण वाचणारी कुणी नव्हतीच, तेव्हा तक्रारही नव्हती.

शिनेमांची खरी नावं कुणाच्या तोंडी बसली नाहीत. ज्या गोष्टीने घाबरवलं तीच त्याचं नाव. विहिरीचा, बाहुलीचा, हाताचा. कापणीच्या दिवसांत माणसाला एखादीच संध्याकाळ मोकळी मिळे, ती वाया जाऊ नये म्हणून लोक वैद्याला विचारावं तसं जाणत्याला विचारत. "आमच्या बुढ्याचं काळीज कच्चं आहे गा, त्याले कोनता चालंल?" आणि हा जाणता म्हणजे मी. हसू नका. पंचविशीतल्या माणसाला गावात मान मिळवायला शेती तरी लागते नाहीतर धीट छाती. शेती वडिलांची होती, म्हणून मी छातीवर भागवलं. "विहिरीचा लेकरायसाठी आहे. मर्द असान तं हाताचा पाहून या," असं मी सांगे. हाताचा मी तीनदा पाहिला होता.

पाहिला म्हणजे, तबला घुमू लागला की मी खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर ओढून घेई. पुढच्या रांगेतले उसासे आणि तबल्याची लय यांवरून पडद्यावर काय चाललं असेल याचा अंदाज बांधी. अक्षरं वाचणाराही ऐन वेळी गप्प असे, कारण तिथे अक्षरंच नव्हती. लोक मात्र नेमकं तेवढंच विचारत. हात कसा होता? मग मी माझा हात तयार केला. केसाळ, जळका, बोटभर नखांचा. खाटेखालून वर येतो आणि झोपलेल्या पोराचा गळा दाबतो. ज्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिला होता त्यांनीही मान डोलावली. आता वाटतं, त्यांच्याही खांद्यावर दुपट्टे होतेच.

आमच्या लग्नाला तेव्हा दुसरं वर्ष चाललं होतं. सौभाग्यवतीला माझ्या आईकडून एका संध्याकाळची परवानगी मिळाली. तिला देवाचा शिनेमा पाहायचा होता. मी म्हटलं, हाताचाच पाहा, नाहीतर बाया विचारतील तेव्हा काय सांगशील? बैलबंडीतून आम्ही दोघं गेलो. ती पडद्याच्या त्या बाजूला, मी या बाजूला.

दुसऱ्या दिवशी न्याहारी घेऊन ती खळ्यावर आली. तिचे सासरे, म्हणजे माझे वडील, तिथे नव्हते. माझा चुलतभाऊ, चार गडी आणि पेंढ्या सोडणाऱ्या बाया एवढेच होते. दोन वाक्यांपलीकडे न बोलणारी ही बाई त्या दिवशी टोपलं खाली ठेवून बोलायला लागली. सांगत होती, तो हात बाईचा होता. बारीक, बांगड्यांचे वण पडलेला. मेलेल्या आईचा. घरभर चाचपडत लेकराला शोधतो, आणि सापडल्यावर त्याची सरकलेली गोधडी वर ओढून देतो. एवढंच. सांगताना तिने आपला हात हवेत धरला होता. तिची आई ती रांगत असताना गेली. तिचा चेहरा हिला आठवत नाही, हे मला ठाऊक होतं.

चुलतभाऊ म्हणाला, "वहिनी, तुमी वेगराच शिनमा पाहून आल्या जी. दादा तं सांगून राहिला होता, हात गरा दाबते."

सगळे माझ्याकडे बघू लागले. खरं सांगायला एक श्वास पुरला असता.

"मांगून पाह्यलं ना तिनं," मी म्हटलं. "पडद्याच्या मांगून सारं उलटं दिसते."

खळं हसलं. बायांतली एक म्हातारी तेवढी म्हणाली, "डाव्याचं उजवं होईन बाप्पा, गरा दाबाचं पांघरून कसं होईन?" पण ते हशात बुडालं. हिने माझ्याकडे एकदा पाहिलं, टोपलं उचललं आणि बांधावरून निघून गेली. पुढे तो टोमणाच झाला. बाईमाणसाने काहीही ठामपणे सांगितलं, मग ते बैलाच्या खुराचं असो की पोराच्या तापाचं, की कुणीतरी म्हणे, "मांगून पाह्यलं काय वो?" गावाला मी दिलेली ही एकमेव देणगी. अजून वापरात आहे.

मागच्या महिन्यात मी पुतण्यांना तो केसाळ हात पुन्हा ऐकवला. ही बाजूला सुपात तांदूळ निवडत होती. पोरं उठून गेल्यावर मान वर न करता म्हणाली, "पडद्याच्या अगदी कडेले बसली होती मी. इकडे शिनमा दिसे, अन् तिकडे तुमी. दुपट्टा तोंडावर."

मी तिच्यासमोर टेकलो. मग विचारलं, "तवाच काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुमी काय म्हटलं असतं?" तिने खडा वेचून अंगणात टाकला. "मांगून पाह्यलं."

आज दाढी उरकून मी ओसरीवर गेलो आणि पुतण्यांना तिचा शिनेमा सांगितला. बारीक हात, बांगड्यांचे वण, गोधडी. थोरला ऐकून घेऊन म्हणाला, "काका, याच्यात भेव कोठी आहे जी? तो पयलाच बरा होता." आतून सुपाचा आवाज येत होता. तो क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. तंबू कधीच गेला, ती फीतही एव्हाना कुठे विरून गेली असेल. मी न पाहिलेला हात मात्र गावभर धडधाकट फिरतो आहे. तिने पाहिलेला एवढ्या वर्षांत दोनदाच सांगितला गेला, आणि दुसऱ्यांदा तर ज्याने डोळे मिटून घेतले होते त्याच्या तोंडून. पण सांगताना माझा हात आपसूक हवेत उचलला गेला होता, तिने खळ्यावर धरला होता तसाच, हे मला नंतर जाणवलं.