वाफ्याच्या मधला गाळ

पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात तिला सगळे गाळताई म्हणत. तुरटीनं खाली बसलेला नदीचा गाळ उघड्या वाफ्यांत वाळत पडे. तो बाहेर जाण्याआधी त्यात शिसं वगैरे नाही ना, हे ती तपासे. माणसं पाणी पिऊन मोकळी होत, खाली काय बसलं ते हिच्या वाट्याला येई. नवरा म्हणे, "बाई, घरात शिरताना तेवढे हात धू."

नमुना वाफ्याच्या कडेचा घ्यायची तिथली रीत होती. मधे गेलं की पाय रुतायचे. कडेला वाळू जास्त मिसळलेली असते आणि त्यानं शिसं कमी दिसतं, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, तिच्याही नाही. त्या दिवशी गाळ न्यायला आलेला धाकट्या भावाचा ट्रक भरताना कडा आधीच उचलल्या गेल्या. म्हणून तिनं फळी टाकली आणि मधला गाळ आणला.

वाळवला, कुटला, आम्लात उकळला, गाळून यंत्राला दिला. शिसं मर्यादेच्या तिप्पट निघालं.

चूक आपलीच असेल, असं तिला वाटलं. असावीच, असंही वाटलं. तिनं भांडी पुन्हा धुतली आणि गाळ न घालता नुसतं आम्ल तपासायला लावलं. त्यात शिसं दिसलं असतं तर दोष भांड्यांचा ठरला असता. यंत्र घरघरत राहिलं. खिडकीबाहेर भरलेला ट्रक उभा होता. हा गाळ ओल धरून ठेवतो, म्हणून भाऊ दर वर्षी तो भाजीच्या मळ्यात पसरायचा.

आम्ल स्वच्छ निघालं.

"ताई, सही करतेस की मुहूर्त काढतेयस?" भाऊ दारातून ओरडला. "ड्रायव्हर डोकं खातोय माझं."

"गाडी रिकामी कर."

"थट्टा पुरे."

"शिसं आहे त्यात."

मागून केंद्राचे साहेब आले. "मधे कडमडायला कुणी सांगितलं होतं? कडेचा घ्या नमुना, नेहमीसारखा."

"कडेचा उरला कुठंय, साहेब? आणि गाडीत मधलाही आहे."

साहेबांनी आकड्याकडे पाहिलं, मग भावाकडे, आणि चष्मा पुसत बसले.

भावाचं हसू अजून तोंडावर होतं, पण त्यात जीव राहिला नव्हता. "आणि गेल्या वर्षीचा?"

"कडेचाच पाहिला होता."

"कुठला पाहिलास ते विचारत नाही मी. चांगला होता का?"

"माहीत नाही."

"पोरं ती भाजी खातात, ताई."

भावानं खिशातून फोन काढला, बायकोला लावला, "भाजी तोडू नको" एवढं म्हणाला आणि फोन तिच्यापुढे धरला. "का ते तू सांग. मला नाही जमायचं."

तिनं फोन कानाला लावला. पलीकडे नळ चालू होता.

"वन्सं? काय म्हणतायत हे? अहो, पालक काढलासुद्धा. तुमची जुडी वेगळी ठेवलीय, पोरांची चुलीवर चढवते आता."

"चढवू नकोस," ती म्हणाली. नळ चालूच होता, म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाली, "चढवू नकोस. कुणालाच देऊ नकोस. मी येतेय."