डोंगराला लावलेला कान
आमचे हे पाणीपुरवठा खात्यात गळती शोधायला आहेत. म्हणजे जमिनीखाली पाइप फुटला, की नेमकं कुठे खणायचं ते हे सांगतात. हत्यार काय, तर कमरेएवढी लोखंडी सळई, वर लाकडी मूठ. सळई रस्त्यावर टेकवायची, मुठीला कान लावायचा, श्वास रोखायचा. दोन पावलं इकडे, एक तिकडे, आणि मग खडूने फुली. कामगार यांना डॉक्टर म्हणतात. लग्नानंतर पहिल्यांदा भर चौकात यांना असं वाकलेलं पाहिलं, तेव्हा मी लाजेने अर्धी झाले होते. मग फुली खणल्यावर खालून पाणी उसळलं आणि मी तोंडात बोटं घातली. अठ्ठावीस वर्षं झाली, ती अजून पुरती बाहेर आलेली नाहीत.

या वर्षी मात्र फुल्या चुकायला लागल्या. लागोपाठ तीन. तिसऱ्यांदा तर दवाखान्यासमोरचा अख्खा रस्ता खणला, खाली कोरडी ठणठणीत माती. साहेब भला माणूस, पण त्यांनीही सांगून टाकलं, "सोमवारी कान तपासून या. नाहीतर आता स्टोअरमध्ये बसा." यांचं एकच पालुपद, "कानाला काही झालेलं नाही. गाड्यांचा गोंगाट वाढलाय." घरात मी तीन हाका मारल्या की कुठे एकदा वळायचे, तिथे कुठल्या आल्या होत्या गाड्या? पण मी, जिची जीभ टाळ्याला लागत नाही, ती गप्प बसले.

अशात तळमजल्यावरच्या बाईंनी रविवारी डोंगरातल्या झऱ्यावर जायची टूम काढली. बाई शाळेत कवायत शिकवायच्या. निवृत्त झाल्या तरी गळ्यातली शिट्टी काही सुटली नाही. बिल्डिंगमधले आम्ही बारा जण, तासा-दीड तासाची सोपी वाट. मला वाटलं, हे नाही म्हणतील. तर सळई घेऊन दारात उभे!

"अहो, फिरायला चाललोय, ड्यूटीवर नाही."

"तिथे गाड्या नाहीत," हे म्हणाले. "तिथे काय ते कळेल."

मी दाराला कुलूप लावलं.

वाट खरंच सोपी होती. माझे गुडघेसुद्धा कुरकुरले नाहीत. बाईंनी शिट्टी फुंकली की सगळे थांबायचे आणि बाई डोकी मोजायच्या. हे मात्र चालतच राहायचे. "डॉक्टरांना घाई फार!" बाई हसल्या. मीही हसले, कसंनुसं.

झऱ्यापाशी पोचलो आणि आमची बडबडी टोळी आपोआप गप्प झाली. काळ्या कड्याच्या पोटातून, बोट जेमतेम जाईल एवढ्या फटीतून पाणी येत होतं. ना नळ, ना टाकी, ना कुणी चावी फिरवणारा. खालच्या खळग्यात इतकं नितळ, की हात घालेपर्यंत पाणी आहे हेच कळू नये. मी एक ओंजळ प्यायले आणि दातांपासून टाचांपर्यंत शहारले. एवढा थोरला डोंगर, कुणी मागितलेलं नसताना देत बसलाय! माझे डोळेच भरून आले.

हे फटीकडे गेलेच नाहीत. वीसेक पावलं वर, कोरड्या कातळापाशी गेले. खडकाचा उतार पाहिला, शेवाळ कुठवर आहे ते पाहिलं, एका जागी सळई टेकवून कान लावला. मीच श्वास रोखून बसले. बराच वेळ गेला. मग त्यांनी मला हाताने बोलावलं.

"ऐक."

इतक्या वर्षांत त्या सळईला त्यांनी मला हात लावू दिला नव्हता. मी वाकून कान लावला. आधी माझंच काळीज धडधडत होतं. आणि मग, अगं बाई! डोंगर आतून वाहत होता. बाहेर करंगळीएवढी धार, आणि आत कुठून तरी खोलातून येणारा घुमता आवाज, त्यावर जवळचा बारीक खळखळाट, मधूनच डुबुक. अंगावर सरसरून काटा आला. हा माणूस रोज असलं काही ऐकत होता आणि घरी येऊन मुकाट्याने जेवत होता!

"अहो, केवढं आहे हे! केवढं!"

"येतंय ना?"

"येतंय म्हणजे काय!"

"मग जागा बरोबर आहे," हे म्हणाले. सळईवरून हात फिरवत राहिले. "मला नाही येत गं. काहीच नाही."

तिथे गाडी नव्हती, गोंगाट नव्हता. दोष द्यायला काहीच नव्हतं. मला रडू फुटलं. मी उठायला लागले, तर यांनी खांदा धरून मला पुन्हा खाली बसवलं.

"उद्या मीच सांगतो साहेबांना. तपासणी कशाला हवी? पण तू आत्ता उठू नकोस. माझ्याकडे तोंड करून सांग. आवाज भरीव आहे की घुमतो?"

"वरचा भरीव. खालचा घुमतो."

"म्हणजे आत मोठी पोकळी आहे. साठलंय तिथे." यांचा चेहरा उजळला. "मधे तुटतो?"

"डुबुक होतं."

"ती हवा. अजून?"

खालून बाई आणि सगळे माना वर करून बघत होते. बघू देत. मी रडत रडत, मोठ्याने, ऐकू येईल ते सगळं सांगत राहिले, आणि हे माझ्या ओठांकडे बघत म्हणत राहिले, "अजून? अजून काय येतंय?"