उंटकटारा आणि लाल चिंध्या

आमच्या घरात सहीपलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही. मी लिहायला बसलोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. चुकलंमाकलं पोटात घाला.

सोलापुरात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला मी प्रोजेक्टसाठी उंटकटारा घेतला. मंद्रूपच्या बाजूला आमच्या गावाचं मुरमाड गायरान आहे. तिथे तो पावसाळ्यात उगवतो, थंडीत निळसर-पांढऱ्या काटेरी चेंडूंनी फुलतो आणि उन्हाळ्याआधी वाळून मरतो. हा सूर्यफुलाचा भाऊबंद, हे मला कॉलेजात कळलं. गावात तो फक्त पायात मोडणारा काटा. झाडं मोजायला मी दोरीने चौकोन आखले आणि कोपऱ्यांवर लाल चिंध्या बांधून खुंट्या ठोकल्या.

सोलरवाली कंपनी गायरान घेणार, अशी गावात तेव्हा कुजबुज होती. मी होस्टेलवर, मला पत्ता नव्हता.

वाकून खुंटी ठोकत होतो तेवढ्यात पाठीत काठी बसली. वळून पाहिलं तर मेंढ्या राखणारे मामा. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून मी बाजाराला जायचो. दुसरा फटका कोपरावर बसला. मी उंटकटाऱ्यातच पालथा पडलो. गालात काटे मोडले, तोंडात रक्त आलं.

"शिकलास ते आमचाच माळ मोजाय व्हय रं?"

मी सांगत राहिलो, फुलं मोजतोय, मामा.

"फुलं मोजतोय म्हनं. मला खुळा समजतोस की काय?"

त्यांनी खुंट्या उपटून फेकल्या, काठीने फुलांची मुंडकी उडवत सुटले. त्यांना शेत नव्हतं. माळ गेला की मेंढ्या विकाव्या लागणार, हे ते दातओठ खात बोलत होते. शेवटी मी मोबाइलमधले फुलांचे फोटो दाखवले, तेव्हा काठी टाकून माझ्याजवळ बसले. माझी माफी वगैरे मागितली नाही. कमरेच्या करगोट्याला अडकवलेला चिमटा काढून माझ्या गालातले काटे मात्र त्यांनीच उपसले.

"खरे मोजनारे आले तर फोन लाव," म्हणाले. "तू शिकलेला. तुला आदी कळंल."

मला आधी कळलं नाही. माझे पेपर बुडू नयेत म्हणून आईने ते संपल्यावरच फोन केला. तोवर माळावर पोकलेन चढला होता. तिथल्या खुंट्यांनाही लाल चिंध्या होत्या. मामा त्या उपटायला धावले, तर मोजणीवाल्यांनी पहारीने हाणलं. उजवा हात कोपरापासून कापावा लागला.

मी मेंढ्यांचं विचारलं.

"इकल्या," आई म्हणाली.