कुचल्याचा जांभळा रंग

सालेकशाकडच्या जंगलपट्ट्यात नेमणुकीवर असतानाचं एक प्रकरण अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

एका म्हाताऱ्याला जेवणानंतर झटके आले आणि तो गेला. धाकट्या मुलानं ठाण्यात खबर दिली, "वहिनीनं जेवनात धानाच्या फवारणीचं औषध कालवलं, साहेब." वहिनी म्हणजे म्हाताऱ्याची विधवा सून. त्या दिवशी फवारणी तिनंच केली होती, स्वयंपाकही तिनंच. पंचनामा करून व्हिसेरा सीलबंद केला, नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवला आणि तिला चौकशीला बोलावलं.

"मामाजीले मी कायले मारीन? नवरा गेल्यावर त्यायनंच मले लेकीवानी ठेवलं."

उलटसुलट विचारलं तरी उत्तर तेच. खोटं बोलणारा दर खेपेला काहीतरी नवं जोडतो; हिनं काही जोडलं नाही. पण गावानं निकाल लावून टाकला होता. हापशीवर तिला कोणी पाणी भरू देईना.

अहवालाचा तगादा लावायला मी नागपूरला गेलो. तिथल्या मॅडमनी तोटीचं काचेचं भांडं दाखवलं. वर व्हिसेऱ्याचा अर्क उतरवलेलं आम्ल घातलेलं पाणी, खाली क्लोरोफॉर्म. "फवारणीचं औषध खालच्या थरात उतरलं असतं. तिथं काही नाही. आता पाणी बघू." खालचा थर काढून त्यांनी पाण्यात अमोनिया घातला, नवं क्लोरोफॉर्म ओतून हलवलं. पाण्यात दडलेलं काहीतरी आता खाली आलं. ते सुकवून त्यावर रसायनाचा थेंब टाकताच गर्द जांभळा रंग उमटला.

"कुचला," त्या म्हणाल्या.

मी थक्क झालो. जन्मभर माणसं बोलती केली, पण हे काही वेगळंच होतं. दम नाही, दरडावणी नाही. पाण्याचा स्वभाव बदलला आणि विषानं आपणहून जागा सोडली.

कुचल्याची झाडं आमच्या रानात पुष्कळ; बिया जहाल विषारी, पण शुद्ध करून वैदू त्या सांधेदुखीवर देतात. म्हाताऱ्याचे गुडघे दुखायचे, हे सुनेकडून कळलं. त्यावरून शेजारच्या गावचा वैदू गाठला.

"बिया म्याच देल्ल्या, साहेब. गोमूत्रात भिजवा, दुधात उकडा, मंगच घ्या म्हनलो होतो. त्यायले दम नाही निघाला."

म्हाताऱ्याच्या चंचीत तंबाखूखाली कच्च्या बियांचा कूट निघाला.

सुनेला सांगितलं, तू सुटलीस. ती म्हणाली, "मले एकटीले सांगून काय होते? चावडीसमोर सांगा."

मी चावडीसमोर उभा राहिलो. बाटलीत पाणी आणि मोहाच्या बियांचं तेल घालून दोन थर दाखवले, सगळं समजावलं. पुराव्याला जोर लावायचा नसतो, त्याला वेगळं व्हायला जागा द्यायची असते, हे मी त्या भांड्याकडून शिकलो. गाव काय शिकलं, मला ठाऊक नाही. पण दीर उठला, हापशीवर गेला, कळशी भरून घेऊन आला.

"चाल वहिनी," तो म्हणाला, "घरी."