वळणावरचा ओटा

मालधक्क्यावरून निघालेला रस्ता तिच्या दारापाशी काटकोनात वळे. नवऱ्याचा कंटेनर तिथं मुंगीच्या पावलानं येई. ती ओट्यावर चहाचा पेला उंच धरून उभी असे. तो केबिनच्या खिडकीतून हात काढी.

"साखर कमीच."

"तक्रार जुनी झाली. पुढच्या फेरीला नवी आणा."

एवढंच बोलणं. मग गाडी वळे. रात्री तो केबिनमध्येच झोपे, कुठल्याशा गावाबाहेर. घरी यायचा तो पाहुण्यासारखा. त्यांचा संसार खरा वळणावरच चाले.

मग कंपनीनं लांब कंटेनर आणले. तीन पेट्यांचा माल दोनांत मावू लागला. तिघा ड्रायव्हरांतला एक घरी बसला.

"माझं काम राहिलं, नशीब," नवरा फोनवर म्हणाला. आवाज पडलेला होता. "पण अगं, हे धूड आपल्याकडं वळायचं नाही. मागची चाकं आतून कापत येतात, ओटाच घेऊन जातील. मी आता बाहेरच्या मोठ्या रस्त्यानं जाणार."

पेला फडताळात पालथा पडला. ती शिवणयंत्रावर बसे. बाहेर अवजड गाडी घरघरली की पाय आपोआप थांबत. गाडी दुसऱ्याच कुणाची तरी असे.

एके सकाळी तिनं गवंड्याला बोलावलं.

"ओटा पाडायचाय."

"वहिनी, लोक ओटा बांधून घेतात."

"लोकांचे नवरे घरी येत असतील. पाडा."

सासऱ्यांनी हौसेनं बसवलेले दगड होते. घणाखाली ते लवकर सुटले. शिवणयंत्रावर धूळ बसली. ती पुसायच्या आधीच तिनं फोन लावला. "वाट मोकळी केलीय. येऊन बघा."

तो आला. गाडी मोठ्या रस्त्यावर ठेवून, चालत. मोकळ्या कोपऱ्याकडं बघत राहिला. मग पलीकडं जाऊन विजेच्या खांबाला पाठ लावून उभा राहिला.

"आतली बाजू सुटली गं. पण वळताना शेपूट बाहेर जातं. मागच्या चाकांच्याही मागं पेटी बरीच लांब आहे. ती या खांबावर येणार."

"हे आधी नाही सांगायचं?"

"तू ओटा पाडशील हे मला काय स्वप्न पडलं होतं?"

"मग खांबही पाडू."

तो हसला. तीही हसली. मग दोघांनाही पुढं हसता येईना.

तिनं चहा आणला. तो खाली रस्त्यावर उभा, ती उंबऱ्यावर. एरवी ती हात उंच करी. आज तिला वाकावं लागलं.

"साखर?" तिनं विचारलं.

"बरोबर आहे."

त्याची ही पहिलीच कबुली. तिला ती मुळीच आवडली नाही.

तो गेला. त्याच्यामागं चार पावलं जावं म्हणून तिनं पाय पुढं टाकला, आणि मागं घेतला. उंबऱ्याखाली पाय टेकायला आता काही नव्हतं. ती रिकामा पेला धरून दारातच उभी राहिली. मोठ्या रस्त्यावर एक हॉर्न वाजला. त्याचाच असेल. इतक्या लांबून ओळखू येत नव्हता.