आधी आजींना विचारू द्या

डॉ. कमलताईंच्या धंतोलीतील नेत्ररुग्णालयात मी सहायक डॉक्टर म्हणून रुजू झालो, तेव्हा सत्तरचे दशक नुकतेच सुरू झाले होते. ताईंचा पिंड मला पहिल्याच आठवड्यात कळला.

काटोलकडच्या एका शेतकऱ्याने वृद्ध आईला आणले होते. मोतीबिंदू पिकला होता. शस्त्रक्रियेची सगळी तयारी झाल्यावर ताईंनी आजींना विचारले, "तुमची तयारी आहे ना?"

"तिले काय विचारता, बाई? मी सांगून राहिलो ना, करून टाका," मुलगा म्हणाला.

"आधी आजींना विचारू द्या."

आजींनी आधी मुलाकडे पाहिले. मग म्हणाल्या, "नाही करायचं."

ताईंनी शस्त्रक्रिया थांबवली. मुलगा चिडला. म्हाताऱ्या माणसांचे घरचेच ठरवतात, आपल्याकडे तशी रीतच आहे, असे मीही सुचवून पाहिले. "रीत असेल, पण डोळा त्यांचा आहे," एवढेच ताई म्हणाल्या. उशीर केल्यास दृष्टी जाऊ शकते, हे त्यांनी आजींना जवळ बसवून स्पष्ट सांगितले आणि घरी जाऊ दिले. त्यानंतर त्या स्वतःही अस्वस्थ होत्या.

ज्वारी निघाल्यावर आजी सुनेचा हात धरून परत आल्या. "आता करा, बाई. तवा घरी मले कोनी विचारलंच नव्हतं." पट्टी सुटल्यावर त्यांनी सुनेकडे निरखून पाहिले आणि विचारले, "काहून इतकी वाळली वं?"

वयाच्या सत्तरीनंतर ताईंचा हात किंचित कापू लागला. आमच्या कुणाच्या लक्षात येण्याआधी त्यांनीच ते सांगितले आणि त्याच दिवशी चाकू माझ्या हाती दिला. त्यांचे चिरंजीव पुण्याहून त्यांना न्यायला आले.

"आई, आता चल. तू या वयात इथे एकटी, लोक मला काय म्हणतील?"

"लोकांना सांग, आई ऐकत नाही. शस्त्रक्रिया सोडायचं माझ्या हातांनी ठरवलं. उरलेलं मी ठरवीन."

चिरंजीव दुखावले. ताईंनाही ते लागले. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. पण दुसऱ्या सकाळी त्या नेहमीच्या वेळी रुग्ण तपासायला बसल्या. आजही बसतात.

पंचाहत्तरी गाठणाऱ्या आमच्या ताईंना उदंड आयुष्य आणि निकोप प्रकृती लाभो. त्या आयुष्याचे काय करायचे, हे मात्र आम्ही सुचवणार नाही.