रेकॉर्डवर नसलेला अंतरा

आमच्यात कार्यक्रमाला गेल्यावर फोनवर रेकॉर्डिंग करायचं नाही, हा नियम घाटकोपरने केला, आणि त्याच नियमाने शेवटी आमची वाट लावली. पण ते पुढे. आधी घाटकोपर कोण ते सांगते.

आम्ही चौघं गाण्याचे वेडे. मुलुंडच्या नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवर ओळख झाली. रांग काही हलत नव्हती, म्हणून बोलायला लागलो. कोण कुठून आलं हे आधी विचारलं गेलं, नावं मागाहून, आणि तोवर स्टेशनांचीच नावं चिकटून गेली होती. मी मुलुंड. आमच्यातला एकटा पुरुष, बँकेतून निवृत्त झालेला, तो घाटकोपर. माझ्याच वयाची बोलघेवडी, शिकवण्या घेणारी, ती बोरिवली. आणि सरकारी हॉस्पिटलात सिस्टर आहे ती कांजूर. तेव्हापासून भर बाजारातसुद्धा आम्ही ‘ए बोरिवली, इकडे ये गं’ असं ओरडतो, आणि लोक वळून बघतात.

कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी कांजूरच्या घरी उजळणी. हे आमचं देवकार्य. चौघांपैकी कुणाला ना कुणाला कार्यक्रम चुकतोच. ज्याचा चुकला तो उजळणीचा मानकरी. खुर्ची त्याला, बाकीच्यांनी खाली सतरंजीवर बसायचं आणि पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगायचं. साडी कुठली होती, पेटीवाला कुठे घसरला, टाळी कुठे पडली, सगळं. आवाज कसाही असो, म्हणूनही दाखवायचं. मध्यंतरात वडा कसा होता हेसुद्धा सांगावं लागतं. फोन दाखवायचा नाही. ‘जेवढं डोक्यात राहिलं तेवढंच आपलं. बाकीचं त्या डबड्याचं,’ असं घाटकोपर म्हणतो.

या उजळण्यांत मी काय काय ऐकलंय! मध्यंतरी बोरिवली तिच्या लेकीबरोबर एका परदेशी बँडच्या कार्यक्रमाला गेली होती. मोठं मैदान, हजारो पोरं. दुसऱ्या दिवशी आली ती मनगटावर लुकलुकणारा पट्टा तसाच घालून. ‘मला एक शब्द कळला नाही रे, पण मी रडले,’ म्हणाली, आणि सतरंजीवरून उठून तिने आम्हाला त्या गायकाच्या उड्या मारून दाखवल्या. खालच्या मजल्यावरच्या आजी विचारायला आल्या की काय पडलं म्हणून. कांजूरने त्यांनाही बसवून घेतलं आणि चहा दिला.

कांजूरचं मात्र एक वेगळंच होतं. ती जाईल त्या भावगीतांच्या कार्यक्रमात एकच फर्माईश पाठवायची. एक जुनं भावगीत, आणि पुढे लिहायची ‘तिसऱ्या अंतऱ्यासकट’.

आता गंमत अशी की त्या गाण्याला तिसरा अंतराच नाही. रेकॉर्डवर दोनच आहेत. रेडिओवर दोन, पुस्तकात दोन. आहे असं म्हणणारा एकच माणूस होऊन गेला, तो म्हणजे कांजूरचा बाप. दिवसा कारखान्यात कामाला आणि जयंतीच्या दिवसांत वस्तीच्या गायन पार्टीत पुढे उभं राहून गाणारा. त्यांनी तरुणपणी घाटकोपरच्या एका मैदानात त्या गाण्याच्या संगीतकाराला प्रत्यक्ष गाताना ऐकलं होतं. त्या दिवशी त्याने दोन अंतऱ्यांवर न थांबता तिसरा गायला, आणि तो सगळ्यांत भारी होता, असं ते जन्मभर सांगत राहिले. शब्द कुठले, तर आठवत नाहीत. मग काय! पार्टीतले दोस्त चिडवायचे, ‘आला तिसरा अंतरा!’ लग्नात, पूजेत, कुठेही दिसले की तेच. घरात कांजूरचा भाऊसुद्धा म्हणायचा, ‘बाबा, सोडा ना आता.’ ते हसायचे, पण बोललेलं मागे घेतलं नाही. ‘मी ऐकलाय. तुम्ही नाही ऐकलात तर मी काय करू?’ असं म्हणत म्हणतच ते गेले.

म्हणून कांजूरला तो अंतरा हवा होता. एकदा कानाने ऐकायचा, म्हणजे बाप थापाड्या नव्हता हे भावाला सांगता येईल. एवढंच तिचं मागणं, आणि ते कुठेच पुरं होत नव्हतं. बोरिवलीच्या नाट्यगृहातल्या एका कार्यक्रमात तर एका तरुण गायकाने तिची चिठ्ठी माइकवर वाचून दाखवली. म्हणाला, ‘कुणीतरी जास्तीचा अंतरा मागितलाय, तो आता घरून लिहून आणावा लागेल!’ सगळं थिएटर हसलं. कांजूरही हसली. पण मध्यंतरात तिने वड्याला हात लावला नाही, आणि माझ्या तोंडात त्या गायकासाठी जे शब्द आले ते इथे लिहिता येणार नाहीत.

मग गोरेगावचा कार्यक्रम लागला. गाणाऱ्या बाई वयस्कर, त्याच संगीतकाराकडे शिकलेल्या. फारशा गात नाहीत आता. कांजूर महिनाभर आधीपासून फुरफुरत होती. नवी साडी काढून ठेवलेली. आणि त्याच दिवशी सकाळी तिचा फोन, ‘अगं, दुसरी सिस्टर आजारी पडलीय, माझी ड्युटी लागली.’ मी म्हटलं, ‘सांग ना त्यांना काहीतरी!’ ती म्हणाली, ‘वॉर्ड भरलाय गं. कुणाला काय सांगू?’ मग म्हणाली, ‘माझी चिठ्ठी तू दे.’

मध्यंतरात मी चिठ्ठी दिली. दुसऱ्या भागात बाईंनी ती हातात घेतली, चष्मा लावला आणि दोनदा वाचली. म्हटलं, आता ह्यासुद्धा चेष्टा करणार. पण त्या म्हणाल्या, ‘हा अंतरा तबकडीत मावला नव्हता. गुरुजी उघड्या मैदानात गायला बसले की कधीतरी म्हणायचे. ज्यांनी मागितलाय त्यांच्या घरात कुणीतरी तो तिथे ऐकलेला असणार. कोण आहेत? जरा उभे राहा.’

आम्ही तिघंही उभे राहिलो. जिने उभं राहायचं ती तिकडे वॉर्डात सलाईन बदलत होती. बाईंनी आम्हाला नमस्कार केला. मला! मी आयुष्यात कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि भरलेलं थिएटर माझ्याकडे बघतंय.

आता ऐका घाटकोपरचा पराक्रम. गाणं सुरू झालं तसा आमच्या पुढच्या रांगेतल्या बाईंनी फोन वर धरला. घाटकोपरने लगेच त्यांच्या खांद्यामागे टकटक केलं. ‘ताई, गाणं कानाने ऐकायचं असतं. खाली घ्या तो.’ त्या बिचाऱ्या ओशाळल्या आणि फोन पर्समध्ये टाकला. मग पहिला अंतरा झाला, दुसरा झाला, आणि तिसरा आला. कुणाची तरी वाट बघत काढलेल्या रांगोळीबद्दल होता तो, आणि संध्याकाळ होत चालल्याबद्दल. बाईंचा आवाज थकलेला, पण तिसऱ्या ओळीत सूर असा काही खाली उतरला की माझ्या डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. खरं सांगायचं तर त्यापुढचं मी ऐकलंच नाही धड.

बाहेर येईपर्यंत आम्हाला आमची चूक कळली होती. तिघांपैकी एकाकडेही तो अंतरा नव्हता. बोरिवली म्हणाली, ‘अरे, त्या फोनवाल्या बाई! पळ!’ आणि घाटकोपर ह्या वयात जिन्यावरून धावत सुटला. बाई रिक्षात बसत होत्या. ‘ताई, थोडंसं तरी आहे का हो तुमच्याकडे?’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘तुम्हीच बंद करायला लावलंत ना, काका?’ आणि रिक्षा गेली.

बोरिवलीने त्याला तिथेच फैलावर घेतलं. ‘तुझा नियम घाल चुलीत!’ चिडला की घाटकोपर मालवणीवर येतो. ‘माका काय ठावक होतां गो?’ म्हणाला, आणि एकदम इतका बारीक झाला की मलाच कसंतरी वाटलं. मग आम्ही थिएटरच्या बाहेर टपरीवर चहा घेत बसलो आणि कुणाला काय आठवतंय ते काढायला लागलो. बोरिवलीला शब्द बरेचसे आठवत होते. घाटकोपरकडे पहिल्या दोन ओळींची चाल होती. पुढे मात्र तो एकदा वर जायचा, एकदा खाली, आणि दर वेळी म्हणायचा, ‘नाही, असं नव्हतं.’ मला विचाराल तर माझ्याकडे फक्त रडणं होतं. तेवढ्यात कांजूरचा मेसेज आला. ‘गायल्या?’ फोनवर काही सांगायचं नाही हाही उजळणीचा नियम, आणि असं काही फोनवर सांगवतही नाही. मी लिहिलं, ‘उद्या.’

सकाळी तिने दार उघडलं. ड्युटीवरून आल्यावर झोपलेली दिसत नव्हती. ‘नाही ना गायल्या? असू दे रे, या आत. पोहे केलेत.’

‘आधी खुर्चीत बस,’ मी म्हटलं.

ती बसली. आम्ही सतरंजीवर. त्या दिवशी आम्ही पहिल्या गाण्यापासून सुरुवात केली नाही. चिठ्ठीपासून केली. तबकडीत मावला नव्हता, हे बाईंचं वाक्य मी जसंच्या तसं सांगितलं, घरात कुणीतरी ऐकलेला असणार हेही सांगितलं, आणि आम्ही तिच्या जागी उभे राहिलो तेही. कांजूर पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे होता.’

‘होता गं. पण आमच्याकडे अख्खा नाहीये,’ बोरिवली म्हणाली. ‘ह्या शहाण्यामुळे.’

घाटकोपर मान खाली घालून बसला होता. ‘जेवढा आहे तेवढा म्हणतो,’ म्हणाला, आणि त्याने चाल गुणगुणायला सुरुवात केली. एक ओळ झाली. दुसरी अर्धी झाली असेल, तोच कांजूर म्हणाली, ‘थांब.’

आम्हाला वाटलं, तिला सहन होत नाहीये. पण तिने डोळे मिटले आणि पुढची अर्धी ओळ तीच म्हणाली. मग तिसरी. सूर खाली उतरतो तो बरोब्बर तसाच उतरला, घाटकोपरला रात्रभर सापडला नव्हता तो. मग चौथी, आणि ध्रुवपदावर अलगद परत. शब्द एकही नाही, नुसतं नाकातल्या नाकात.

‘तुला कसं येतं हे?’ बोरिवलीने विचारलं.

‘बाबा,’ ती म्हणाली. ‘मोरीत दाढी करताना. रोज हेच गुणगुणायचे गं. आम्हाला वाटायचं, असंच काहीतरी चाललंय, शब्द ना बिब्द. मी बाहेर बादली घेऊन उभी असायची आणि ओरडायची, बाबा, बास करा ना आता, शाळेला उशीर होतोय.’

आणि मग ती रडली. मीही रडले, पण मी काय, मी कशावरही रडते. घाटकोपर उठून उगाच खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. बोरिवली खुर्चीजवळ सरकली आणि तिने कांजूरच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला हळूहळू शब्द सांगितले, एकेक ओळ. कांजूर ते बापाच्या चालीवर बसवत गेली. एका जागी एक शब्द कमी पडला, तिथे तिने नुसता सूर धरला.

अंतरा पुरा झाल्यावर तिने तोंड पुसलं आणि घाटकोपरला हाक मारली.

‘फोन काढ.’

‘काय?’

‘फोन काढ रे. रेकॉर्ड कर. माझ्या भावाला पाठवायचंय. तोही मोरीबाहेरच उभा असायचा.’

घाटकोपरने मुकाट्याने फोन काढला. कुठलं बटण दाबायचं ते त्याला माहीतच नव्हतं. बोरिवलीने दाबून दिलं, आणि कांजूर खुर्चीतून उठून आमच्यात सतरंजीवर येऊन बसली.